टीचिंग अँड लर्निंग टूलकिट: मोफत, कामाचं, पण घाईत वाचू नये असं

इंग्लंडमध्ये २०११ साली सुरू झालेल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनचं हे मोफत ऑनलाइन साधन. गृहपाठ, अभिप्राय, गटकार्य अशा प्रत्येक उपायापुढे तीन गोष्टी दिसतात: खर्च, पुराव्याची ताकद दाखवणारी कुलपं (जास्तीत जास्त पाच) आणि मुलांची प्रगती किती महिन्यांइतकी जास्त होते त्याचा अंदाज.

गफलत इथेच होते. महिन्यांचा मोठा आकडा पाहून उपाय उचलला जातो, कुलपं कुणी पाहत नाही. आकडा म्हणजे अनेक अभ्यासांची सरासरी, आपल्या वर्गाची हमी नव्हे. म्हणून आधी कुलपं मोजा, मग सरासरीमागचा तपशील देणारा भाग उघडा. गृहपाठाचा फायदा माध्यमिकला प्राथमिकपेक्षा जास्त, हे तिथेच कळतं.

अभिप्रायाचं पान सगळ्यात मोलाचं. अभिप्रायाने नुकसान झाल्याचे अभ्यासही आहेत, हे ते लपवत नाही. वहीत ‘नीट लक्ष दे’ लिहून मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ‘छेद समान केलास, पण अंशाला त्याच संख्येने गुणायचं राहिलं, तिसरं उदाहरण पुन्हा सोडव’ हे लागतं, आणि ते सोडवायला त्याच तासात पाच मिनिटं द्यावीच लागतात.

उणीव मोठी आहे: उद्याच्या तासाला नेमकं काय करायचं, हे टूलकिट फारसं सांगत नाही. त्यासाठी संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिका वाचाव्या लागतात. एका सत्रात एकच उपाय घ्या, आधी आणि नंतर त्याच काठिण्याची छोटी चाचणी ठेवा.