सेंटर कन्सोल की वॉकअराउंड: एका चष्मेवाल्याचा कौल

मुंबईपासून खाली दिघीपर्यंत गळाची मासेमारी करायची आहे, सुटीच्या दिवशी घरच्यांना घेऊन किल्ले आणि खाड्याही फिरायच्या आहेत, आणि बोट एकच परवडणार आहे, अशा माणसासाठी हे लिहितोय. 22 ते 25 फुटांच्या फायबरच्या बोटीत गाडी शेवटी दोन मांडण्यांवर येऊन थांबते. मधोमध सुकाणू आणि चहूबाजूंनी मोकळा डेक असलेला सेंटर कन्सोल, किंवा पुढे छोटी केबिन आणि तिच्या दोन्ही अंगांनी नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जाणारी अरुंद वाट असलेला वॉकअराउंड. नाळेवर बैठक असलेला बोरायडर तळ्यात शोभतो. आपल्या समुद्रात नाळेवर गाद्या टाकून बसवलेल्या पाहुण्यांना पहिलीच लाट चिंब करते. डिझेलच्या मोठ्या एक्स्प्रेस बोटी घेणाऱ्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

इंजिन, टाकी, तळाचा कोन हे सगळं माहितीपत्रकात मिळतं, आणि एकाच कंपनीच्या दोन्ही मांडण्यांचा तळ बऱ्याचदा सारखाच असतो. फरक वर आहे: माणसं कुठे उभी राहतात आणि कुठे भिजतात.

निव्वळ मासेमारी बघायची तर सेंटर कन्सोल पुढे आहे, यात वाद नाही. खांदेरी बेटाच्या बाहेर सुरमईसाठी ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, दोघांत फारसं डावं-उजवं होत नाही, कारण तेव्हा सगळा खेळ पिछाडीलाच असतो. पण खडपाजवळ नांगर टाकून बसलात आणि चांगला मासा लागला, की तो तुमच्या सोयीनं पळत नाही. नाळेखालून पलीकडे जातो, नांगराच्या दोरीला वळसा घालायला बघतो. सेंटर कन्सोलवर तुम्ही रॉड उंच धरून त्याच्यामागे अख्खी बोट फिरता. वॉकअराउंडवर तेच करताना एक हात रेलिंगला लागतो, आणि एका हातानं रीळ फिरत नाही. पॉपिंगवाल्यांनी, म्हणजे पाण्यावर उसळणारं नकली आमिष लांब फेकणाऱ्यांनी, तर वॉकअराउंडचं नावही काढू नये. त्यांना नाळेवर पाय रोवायला मोकळी जागा हवी, मागे हात फेकताना आड काही यायला नको. कुंडलिकेच्या खाडीत जिताड्यासाठी खारफुटीच्या कडेनं लूर (नकली आमिष) टाकत फिरणारे माझे दोघे मित्र सेंटर कन्सोलच वापरतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

नाळेचा दुसरा प्रश्न मासेमारीपेक्षा रोजचा आहे. आपल्याकडे धक्क्याला बोट लावून दोर बांधला नि उतरलो, असं सुख फार थोड्यांना मिळतं. बहुतेक खाजगी बोटी पाण्यात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या बोयाला बांधलेल्या असतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, आणि ओहोटी ऐन भरात असताना बोया पकडायचा म्हणजे पाण्याच्या ओढीशी झटापट. सेंटर कन्सोलमध्ये इंजिन न्यूट्रलला टाकलं, चार पावलं पुढे गेलं, हुकानं बोया उचलला. वॉकअराउंडमध्ये त्या वीतभर वाटेनं काठाकाठानं पुढे पोचेपर्यंत बोट वाहून मागे गेलेली असते. एकट्यानं तर हे नकोच. मी त्यावर तोड काढली आहे. नाळेच्या खुंटीला बांधलेला दोर रेलिंगच्या बाहेरून आधीच सुकाणूपर्यंत आणून ठेवतो, बोया सुकाणूच्या बाजूला घेतो, तिथेच दोर ओवतो आणि मग बोटीला आपोआप नाळेवर झुलू देतो. जमतं, पण ही तोड आहे, सोय नव्हे.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी सेंटर कन्सोलचा माणूस आहे. माझ्याकडे वॉकअराउंड आहे, आणि त्याचं मुख्य कारण माझ्या नाकावर आहे.

आपल्या किनाऱ्यावरचा मोसमातला दिनक्रम सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे मतलई वारा, पाणी तेलासारखं शांत. दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि फेब्रुवारीनंतर तो जोर धरतो. मुरूडहून मुंबई साधारण 40 सागरी मैल, दिशा जवळजवळ उत्तरेची. म्हणजे परतताना वारा डाव्या नाळेवर, आखूड लाटा एकामागोमाग एक, आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या लाटेचा सपकारा वाऱ्यावर उडून थेट सुकाणूवर. टी-टॉप, म्हणजे नळ्यांवर उभं केलेलं छप्पर, डोक्यावर असतो, पाणी येतं बाजूनं. कन्सोलवरची काच छातीपर्यंत, बसलात तर जेमतेम नाकापर्यंत.

चष्मा नसलेला माणूस डोळे मिचकावतो आणि पुढे जातो. चष्मेवाल्याचं तसं नाही. पहिल्या सपकाऱ्याला काचेवर थेंब येतात, ते पुसायच्या आत वारा वाळवतो आणि मिठाचा पापुद्रा धरतो. कोरड्या फडक्यानं पुसलं तर मीठ काचेवर घासून चरे पडतात. ओलं फडकं पाच मिनिटांत स्वतःच खारट होतं. चष्मा काढला तर मला पुढची बोट दिसते, पण जाळ्याचा बोया दिसत नाही. आणि रेवदंडा ते थळ या टापूत बघायचं असतं ते नेमकं तेच. कुठे थर्माकोलचा तुकडा, कुठे तेलाचा रिकामा कॅन, कुठे डोल जाळ्याचा दोर पाण्याच्या सपाटीला. सूर्य डावीकडे उतरलेला, पाणी चकाकतंय, आणि तुम्ही मिठाच्या पडद्याआडून बघताय. पंख्यात दोर अडकला की ओबीएम (पिछाडीला बाहेर लावलेलं इंजिन) वर उचलून सुरी घेऊन पिछाडीला लोंबकळायचं, तेही त्याच लाटांत. शिवाय ते कुणाच्या तरी पोटाचं जाळं असतं.

मित्राच्या सेंटर कन्सोलवर बराच काळ सुकाणू धरल्यानंतर मला कळलं की मी दुपारी बारानंतर मासे बघत नव्हतो, घड्याळ बघत होतो. वारा सुटायच्या आत परतायचं म्हणून मासे चांगले चावत असतानाच गळ गुंडाळायचा. हार्डटॉपच्या (कडक, पक्क्या छपराच्या) वॉकअराउंडवर पुढे खरी काच आहे, तिला वायपर आहे आणि वायपरला गोड्या पाण्याची पिचकारी आहे. ही पिचकारी महत्त्वाची, कारण नुसता वायपर मीठ पसरवून ठेवतो. आता दुपारी तीन वाजता मुरूडहून निघायला मला काही वाटत नाही. वेग कमी ठेवावा लागतो, अंग आदळतं, पण दिसतं.

यावर सेंटर कन्सोलवाले म्हणतील, टी-टॉपला पारदर्शक पडदे लावा. लावता येतात, मित्रानं लावलेही होते. नवे असताना झकास. दोन उन्हाळ्यांत पिवळट पडले, घडी घातली तिथे पांढऱ्या रेघा आल्या, आणि मऊ प्लास्टिकवर वायपर चालत नाही ते नाहीच. कडक ॲक्रिलिकची काच थोडी बरी, पण तिलाही मीठ घासून चालत नाही. तुमच्याकडे याहून चांगला अनुभव असेल तर तो जास्त खरा धरा. मी एकाच बोटीवरचं बघितलेलं सांगतोय.

घरच्यांच्या बाजूनं तराजू कुठे झुकतो हे वेगळं सांगायला नको. तरी केबिनमध्ये झोपायचे बेत फार रंगवू नका. पुढची व्ही आकाराची गादी दोन माणसांना पुरते, पण डिसेंबर-जानेवारी सोडले तर आत उकडतं, आणि राजपुरीच्या खाडीत संध्याकाळी झडप उघडी ठेवली की डास मुक्कामाला येतात. केबिनचा खरा उपयोग दिवसा. लहान मूल दमून झोपतं, कोरडे कपडे कोरडे राहतात, बायकांना आडोसा मिळतो. सेंटर कन्सोलच्या पोटातही पोर्टेबल संडास बसवतात, पण या मापाच्या बोटीत तिथे आडवं होऊन शिरावं लागतं आणि एप्रिलमध्ये आत भट्टी असते. आमच्या आईला एकदा विचारलं, तिनं सरळ सांगितलं की त्यापेक्षा किनाऱ्यावरच बसेन. आणखी एक फायदा असा की बोट बोयाला एकटी असताना रॉड, बॅटरी, फिशफाइंडर कुलपात राहतात.

वॉकअराउंडची दुखणी मी झाकणार नाही. वजन जास्त, त्यामुळे पेट्रोल जास्त, आणि ते कॅन भरून डिंगीतून न्यायचं म्हणजे पाठीलाही कळतं. केबिनला वारा धरतो, म्हणून भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, ओढ कमी असताना, नांगरावर बोट दोरीच्या रेषेत राहत नाही, डावी-उजवीकडे हिंडते आणि तळाला सोडलेले गळ एकमेकांत जातात. रात्री काचेत उपकरणांचा उजेड दिसतो. अंधारात येताना उघडा सेंटर कन्सोलच बरा. मी रात्री बाजूची खिडकी उघडून मान बाहेर काढतो. आणि पावसाळा. जूनमध्ये बोट वर ओढली की गाद्या घरी न्यायच्या, झडपेला जाळी लावून फट ठेवायची, तरी सप्टेंबरात केबिन उघडल्यावर बुरशीचा कुबट वास ठरलेला. सेंटर कन्सोलवाला तोवर बोट धुऊन मोकळा झालेला असतो.

तेव्हा तुम्ही पॉपिंगवाले असाल, बहुतेक वेळा दोघे-तिघे मित्रच जाणार असाल, सकाळी अकराच्या आत परतणार असाल, तर सेंटर कन्सोल घ्या आणि माझं फार मनावर घेऊ नका. जे दुपारनंतरही समुद्रावर असणार आहेत, त्यातही चष्मा लावणारे, त्यांनी वॉकअराउंडच्या अरुंद वाटेकडे थोडी डोळेझाक करावी असं मला वाटतं. घेताना त्या वाटेची रुंदी मात्र स्वतःच्या पावलानं मोजा. दोन्ही पाय शेजारी-शेजारी मावत नसतील तर ती वाट फक्त चित्रात आहे.

विक्रेते चाचणीची फेरी सकाळी आठला देतात. नको म्हणा. मार्चमधला वारा असलेला दिवस बघा, दुपारी तीनला निघा, खांदेरीच्या दक्षिणेला जा आणि तिथून वायव्येकडे नाळ करून अर्धा तास स्वतः सुकाणू धरा. चष्मा लावूनच.