‘५०१/-’ हा पूर्णांक आहे का? तपासण्याच्या तीन रीती आणि माझा कौल

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या गणेश मंडळासाठी तुम्ही वर्गणी नोंदवायचा छोटासा प्रोग्राम लिहिताय. नाव, पत्ता, रक्कम, पावती क्रमांक, बस्स. रक्कम येते ती मजकूर म्हणून, आणि ती पूर्णांक आहे की नाही हे प्रोग्रामला ठरवायचंय. क्लासमध्ये हे दोन ओळींचं काम असतं. इथे मात्र एकाच मंडळातल्या कार्यकर्त्यांच्या फोनवर तीन भाषांचे कीबोर्ड. कुणी ५०१ इंग्रजी अंकांत टाकेल, कुणी देवनागरीत, कुणी गुजरातीत. कुणी पावतीच्या सवयीने ‘५०१/-’ लिहील, कुणी ‘१,००१’, कुणी ‘५०१.००’. कुणाची मागे एक स्पेस राहील, कुणी रकाना कोराच सोडेल. (या लेखात सगळे अंक देवनागरीत आहेत. टाईप कुठल्या लिपीत झाले याने जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगेन.)

रीती मुळात तीनच आहेत: एकेक अक्षर अंक आहे का ते बघणं, रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुरात काय कुठे असावं हे खुणांनी सांगणारा, साचा लावणं, किंवा सरळ रूपांतर करून बघणं आणि फसलं तर ‘नाही’ म्हणणं. माझा कौल आधीच सांगतो. रकमेसाठी तिसरी, फोन नंबर आणि पिनकोडसाठी दुसरी. पहिलीच्या नादी लागू नका.

पहिली मोहक आहे हे खरं. पायथन भाषेत मजकुराला ‘इझडिजिट’ (सगळे अंकच आहेत का) विचारलं की हो किंवा नाही, मामला खतम. पण तिला ऋण चिन्ह चालत नाही, अधिकचं चालत नाही, मागची स्पेसही चालत नाही. आणि जे चालायला नको ते चालतं: वर्ग दाखवायला डोक्यावर बसणारा छोटा २ तिच्या लेखी अंकच. तपासणी पास होते, पुढच्या ओळीत मजकुराचा पूर्णांक करणारं ‘इंट’ तोच मजकूर घेऊन व्हॅल्यूएररने, म्हणजे ‘किंमत चुकीची’ या चुकीने, आपटतं. ‘इझन्यूमेरिक’ त्याहून उदार, तिला अर्ध्याचं चिन्हसुद्धा पसंत. तिघींत शहाणी ‘इझडेसिमल’, ती फक्त दशमान अंक घेते. पण ऋण आकडा तिलाही नकोच असतो, आणि एखाद्याची वर्गणी परत केल्याची नोंद वजा चिन्हाने करायची असेल तर तीही कामाची नाही.

दुसऱ्या रीतीत खरी गंमत आहे. ‘बॅकस्लॅश डी’ म्हणजे अंक, हे सगळ्यांना पाठ असतं. कुठले अंक, हे भाषेवर ठरतं. पायथन ३ आणि डॉटनेटमध्ये (सी-शार्पचं घर) त्यात देवनागरी आणि गुजराती अंकही येतात. जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी दहा. जावामध्येही मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर तेच. म्हणजे एकच साचा ब्राउझरमध्ये गुजराती ५०१ला नाही म्हणतो आणि पायथनच्या सर्व्हरवर हो. डॉटनेटमध्ये तर साचा हो म्हणतो आणि आकडा करणारं फंक्शन नाही म्हणतं, कारण त्याला इंग्रजी अंकांपलीकडचं काही कळत नाही. म्हणून साचा वापरायचाच तर बॅकस्लॅश डी सोडा आणि चौकटी कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा. पायथनमध्ये शेवटच्या डॉलर चिन्हावरही विसंबू नका. मजकुराच्या शेवटी नवी ओळ असली तरी ते तिच्याआधी जुळतं. पूर्ण मजकूर साच्यात बसतो का हे बघणारं ‘फुलमॅच’ वापरा.

साच्याची दुसरी अडचण अशी की त्याला आकार दिसतो, मोल दिसत नाही. तीस अंकी आकडाही तो आनंदाने पास करेल, आणि डेटाबेसमधला ३२ बिटांचा रकाना २,१४,७४,८३,६४७च्या पुढे घेणार नाही.

आता तिसरी. पायथनमध्ये ‘ट्राय’मध्ये (करून बघायचा भाग) ‘इंट’ चालवायचं आणि ‘एक्सेप्ट’मध्ये (फसलं तर काय करायचं तो भाग) व्हॅल्यूएरर पकडायचा. फक्त व्हॅल्यूएरर. सगळ्या चुका एका ‘एक्सेप्ट’मध्ये गिळल्या तर प्रोग्राममधली दुसरी खोटही त्यातच गडप होते. ‘इंट’ मागेपुढे स्पेस चालवून घेतं, वजा-अधिक चालवतं, देवनागरी आणि गुजराती अंक विनातक्रार वाचतं. इतकं की तिन्ही लिप्यांची खिचडी असलेला आकडाही घेतं. ३.६ आवृत्तीपासून अंकांच्या मधली अंडरस्कोरही त्याला चालते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्वल्पविराम, ‘/-’ आणि ‘.००’ मात्र ते नाकारतं. २०२२पासून ४३०० अंकांवरचा मजकूरही नाकारतं, कारण प्रचंड लांब आकडे पाठवून सर्व्हर लटकवता येत होते. तोही व्हॅल्यूएररच, त्यामुळे वेगळं काही लिहावं लागत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये सावध. ‘पार्सइंट’ डावीकडून वाचत जातं आणि अंक नसलेलं काही दिसलं की थांबतं, तक्रार न करता. इंग्रजी अंकांतल्या ‘५०१/-’चे ते ५०१ देतं, आणि वाटतं वा, हेच तर हवं होतं. मग ‘१,००१’ येतं आणि हिशेबात १ रुपया चढतो. मंडळाचा खजिनदार सप्टेंबरभर तो रुपया शोधत बसेल.

त्यापेक्षा ‘नंबर’ बरं, ते पूर्ण मजकूर बघतं. पण कोऱ्या मजकुराचं ते शून्य करतं, नुसत्या स्पेसचंही शून्यच, आणि ‘१ई३’चे १००० करतं. देवनागरी किंवा गुजराती अंक दिले तर हात वर. म्हणून क्रम असा ठेवा: ट्रिम करा (मागच्यापुढच्या स्पेस काढा), कोरं असेल तर तिथेच परतवा, देवनागरी-गुजराती अंकांचे इंग्रजी करून घ्या, मग ‘नंबर’, आणि शेवटी ‘इझसेफइंटिजर’. हे शेवटचं फंक्शन पूर्णांक आहे का आणि ९००७१९९२५४७४०९९१च्या आत आहे का, दोन्ही एकदम बघतं. ‘५०१.००’ यातून ५०१ म्हणून पास होतं, रुपयांसाठी ते योग्यच आहे. ‘इझइंटिजर’ला थेट मजकूर देऊ नका, तो मजकूर असल्यामुळेच उत्तर कायम नाही येतं.

अंक बदलणं अवघड नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य २४०६वर आहे, गुजराती शून्य २७९०वर, आणि पुढचे नऊ अंक ओळीने. अक्षराच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की अंक हातात. एवढ्या तीन लिप्याच घ्या, बाकीच्या परतवा, पायथनमध्येही. बंगाली चार इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि पैशांच्या रकान्यात तसला गोंधळ कशाला?

आणि हो, फॉर्मला नंबर प्रकारचं इनपुट देऊन प्रश्न सुटेल असं वाटत असेल, तर ते अवैध मजकुराच्या जागी रिकामी किंमत हातात ठेवतं. कार्यकर्त्याने काही टाकलंच नाही की चुकीचं टाकलं, हे त्या किमतीवरून कळत नाही. साधं टेक्स्ट इनपुट ठेवून ‘इनपुटमोड’ न्यूमेरिक करा. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो आणि मजकूर जसाच्या तसा मिळतो.

जावा शिकत असाल तर ‘इंटिजर’चं पार्सइंट जावास्क्रिप्टच्या नावबंधूपेक्षा कितीतरी कडक आहे: एक स्पेससुद्धा चालत नाही, मर्यादेबाहेरचा आकडा चालत नाही, देवनागरी-गुजराती अंक मात्र चालतात. सी-शार्पमध्ये ‘ट्रायपार्स’ आहेच. सी भाषेत ‘एटॉय’ नको, कारण चुकीच्या मजकुराला ते शून्य देतं आणि खऱ्या शून्यालाही शून्यच. ‘स्ट्रटॉल’ घ्या, वाचन कुठे थांबलं ती जागा दाखवणारा पॉइंटर तपासा आणि चुकीचा क्रमांक ठेवणारं एररनोही बघा.

राहिला प्रश्न ‘१,००१’ आणि ‘५०१/-’चा. शेवटचं ‘/-’ काढून टाकायला माझी हरकत नाही, त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. स्वल्पविराम मात्र आपल्या मनाने पुसू नका. घाईत कुणी दोन पावत्या एकाच रकान्यात ‘५०१,७५१’ अशा टाकल्या तर पाच लाखांची वर्गणी जमा होईल. आपल्याकडची मांडणी, म्हणजे उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन अंक, तपासली तर ‘५०१,७५१’ अडेल, पण ती चूक आहे की ‘५,०१,७५१’ हीच रक्कम इंग्रजी पद्धतीने मांडली आहे, हे त्यावरून कळत नाही. रक्कम परतवा आणि ‘स्वल्पविराम न घालता लिहा’ असं मराठी-गुजराती दोन्हींत दाखवा.

फोन नंबरला मात्र रूपांतराची रीत लावू नका. बडोद्याचा एसटीडी कोड ०२६५, रूपांतर केलं की पुढचं शून्य गेलं. तिथे अंक इंग्रजीत बदलायचे, साचा लावायचा, आणि साठवताना मजकूरच ठेवायचा. पावती क्रमांक ००७ असा छापलेला असेल तर त्यालाही हेच.