इनोव्हेशन पॉलिसीचा वीकेंड कोर्स, कर्वे रोड – साडेतीन स्टार

कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत एक प्रायव्हेट इन्स्टिट्यूट आहे, नाव देत नाही कारण पुढे थोडं वाकडं पण लिहिणारे, तिथे शनिवार-रविवार हा कोर्स असतो. विषय असा की आपल्यासारख्या देशांत नवीन शोध, नवीन प्रॉडक्ट कशामुळे निघतात आणि कुठे अडतात. फी साडेचार हजार. माझं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, इकॉनॉमिक्सशी संबंध बारावीपुरताच, पण एक नवीन फिक्स्चर (मशीनवर जॉब घट्ट पकडून ठेवायचं साधन) बनवून ठेवलंय आणि ते पहिल्यांदा घेणार कोण हे काही कळत नव्हतं, म्हणून नाव नोंदवलं.

पहिलं सेशन आकड्यांचं. भारत रिसर्चवर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो (२०२०-२१चा आकडा), चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. हे पेपरात वाचलेलं असतं. सरांनी पुढचं सांगितलं ते जास्त कामाचं, की आपल्याकडे त्यातला अर्ध्याहून जास्त पैसा सरकारचा आणि कोरियात तीन चतुर्थांशाहून जास्त कंपन्यांचा. तिथल्या सरकारने सुरुवातीला कंपन्यांना स्वस्त कर्ज दिलं, बाहेरच्या मालापासून संरक्षण दिलं, पण अट घातली की एक्स्पोर्ट करून दाखवा, मग कंपन्यांना झक मारत स्वतःचं रिसर्च करावं लागलं. आपण संरक्षण दिलं, अट विसरलो.

ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्सवर भारत २०१५ला ८१वा होता तो २०२४ला ३९वा झाला, या स्लाईडला टाळ्या पडल्या. टाळ्या ठीक, पण त्याच इंडेक्समध्ये आपला पहिला नंबर आयटी सर्व्हिसेसच्या एक्स्पोर्टला आहे, म्हणजे हिंजवडीच्या जोरावर भोसरीचा पण नंबर वर गेला असं समजायचं का?

कोर्सची फी वसूल होते ती एका रिटायर्ड सायंटिस्ट मॅडमच्या सेशनमध्ये. त्यांनी मेनाफ्रिव्हॅक या लसीची गोष्ट सांगितली. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंजायटिस ए ची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराचा एक प्रकार) साथ यायची, मोठ्या कंपन्यांना त्या बाजारात रस नव्हता. २००१ला डब्ल्यूएचओ आणि पाथ या ना-नफा संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या पैशांवर प्रोजेक्ट सुरू केला, आफ्रिकेतल्या लोकांनी सांगितलं की डोस अर्ध्या डॉलरच्या आत पाहिजे नाहीतर आम्हाला परवडणार नाही, टेक्निक अमेरिकेच्या एफडीएकडून आलं आणि लस बनवली आपल्या हडपसरच्या सीरमने. डिसेंबर २०१०ला बुर्किना फासोपासून सुरुवात झाली आणि जिथे जिथे मोठी मोहीम झाली तिथे त्या प्रकारच्या केसेस जवळजवळ संपल्या. आता यात बघा, भाव आधी ठरला, गिऱ्हाईक आधी ठरलं, माल नंतर. मॅडम फार छान बोलतात, घड्याळाकडे बघत नाहीत, लंच अर्धा तास उशिरा झाला तरी कोणी उठलं नाही.

पेटंटचं सेशन ठीकठाक. स्टार्टअप आणि छोट्या युनिटला ८० टक्के सवलत आहे, ऑनलाइन अर्ज १६०० रुपयांत होतो, मोठ्या कंपनीला ८००० लागतात, एवढं कळलं. बाकी स्लाईड वाचून दाखवल्या.

आणि दीड स्टार का कापला? नवीन माल पहिल्यांदा विकत कोण घेणार, त्या खरेदीवर एकही सेशन नाही! सरकारी टेंडरमध्ये सगळ्यात स्वस्त तो एल-वन, त्याला ऑर्डर, वर मागचा अनुभव आणि टर्नओव्हर दाखवा. स्टार्टअपला त्यातून सूट देता येते असं नियमात आहे, पण नवीन माल घेऊन फसलं तर आपल्यावर येईल म्हणून टेबलावरचा माणूस सही करताना कचरतो, तो तरी काय करणार. प्रायव्हेटमध्ये वेगळी तऱ्हा. २००६च्या कायद्याने छोट्या युनिटचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला पाहिजे, आता तर उशीर केला की घेणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये तो खर्च पैसे देईपर्यंत धरता येत नाही, तरी चाकणच्या एका पार्टीकडे माझं बिल गणपतीत दिलेलं संक्रांतीला पण अडकलेलं होतं. ट्रायलसाठी लागणारं स्टील मी याच पैशातून घेतो, बँक त्याला लोन देत नाही. मी हे विचारलं तर सर म्हणाले हा फायनान्सचा विषय आहे, इनोव्हेशनचा नाही. अहो सर, माझ्या वर्कशॉपमध्ये रिसर्चचं बजेट म्हणजे तेच थकलेलं बिल!

बाकी चहा चांगला, पोहे गार, पार्किंग फक्त टू-व्हीलरला. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. ऑनलाइनचा ऑप्शन स्वस्त आहे पण घेऊ नका, त्यात प्रश्न चॅटमध्ये टाकायला सांगतात आणि कोणी वाचत नाही. मॅडमचं सेशन रविवारी सकाळी असतं, उशीर झाला तर मागे खुर्ची मिळत नाही.