हार्मोनची तांबी, दहा महिन्यांनंतर

परवा रात्री मावसबहिणीचा फोन आला नसता तर हे लिहायला मी अजून दोन महिने लावले असते. ती तेहतीस वर्षांची, दोन लेकरं, घाटंजीकडे दिलेली. म्हणाली, "ताई, माही पिशवी काढून रायले गुरुवारी. चाळीस हजार सांगते डॉक्टर. तूर इकून भरतो म्हणे हे." मी विचारलं, तपासण्या काय झाल्या? एक सोनोग्राफी. गोळ्या? दिल्या होत्या, लागू पडल्या नाहीत. तांबीचं कोणी काही बोललं का? तर म्हणाली, "तांबीनं तं अजून जास्त जाते ना वं!"

दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोलले होते. म्हणून आधी नावाचा घोळ सोडवते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट बसवून मिळते ती तांब्याची तांबी, पाळणा लांबवण्यासाठी. तिच्यानं अंगावरून जास्त जाऊ शकतं, दुखूही शकतं, हे आशाताई खरंच सांगतात. मी बसवली तिच्यात तांब्याचा कणही नाही. तसाच टीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा, पण त्याच्या दांडीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन भरलेलं असतं, ५२ मिलिग्रॅम. ते सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम झिरपतं, बहुतेक पिशवीच्या आतच काम करतं आणि आतलं अस्तर पातळ ठेवतं. अस्तरच पातळ झालं तर पाळीत गळून पडायला उरतं किती? रक्ताच्या बाबतीत दोघींचं काम उलटं आणि नाव एक. या एका नावापायी गावोगावच्या बाया हा उपाय ऐकूनही घेत नाहीत. माझी नसबंदी दुसऱ्या बाळंतपणातच झालेली, त्यामुळे मला तर शेजारणींनी सरळ विचारलं, "ऑपरेशन झालं ना तुयं, मंग तांबी कायले?" रक्त थांबायला, असं सांगितलं तर कोणाला पटेना.

माझं वय एक्केचाळीस. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. पाळी नऊ दिवस चालायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दर दीड तासाला पॅड भिजायचं, जांभळाएवढ्या गाठी पडायच्या. रात्री पॅडवर जुन्या धोतराची घडी आणि खाली युरियाचं धुतलेलं पोतं अंथरून निजायचे. वेचणीच्या दिवसांत ओटी (वेचलेला कापूस भरायचं फडकं) कमरेला बांधली की गाठ बरोबर ओटीपोटावर यायची. कापूस भरत जाईल तशी ती खाली ओढायची आणि आतून कळ उठायची. मी ओटी सोडून खांद्यावर फडकं बांधून वेचायची. त्यात दोन्ही हात मोकळे राहत नाहीत, त्यामुळे दिवसाला पंधरा-वीस किलो कमी भरायचे.

गावात येणाऱ्या डॉक्टरनं सलाईन लावली, ताकदीची इंजेक्शनं दिली आणि रक्त थांबायची गोळी दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक. फरक शून्य. हिमोग्लोबिन ६.९ वर आलं. तालुक्याला खासगीत सोनोग्राफी केली तर म्हणे पिशवीला सूज आहे, लेकरं झाली आहेत, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर घरात दोन रात्री कोणी जेवलं नाही. नवऱ्यानं गायीचं गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली.

भाऊ म्हणाला, एकदा जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखव, एसटीचं तिकीट बायांना अर्धं आहे. मार्च २०२३ पासून ते अर्धं झालं नसतं तर मी सहा चकरा मारल्याच नसत्या, हे मनापासून सांगते.

तिथल्या मॅडमनी पोटाला हात लावायच्या आधी मोजायला लावलं. दिवसाला किती पॅड, पूर्ण भिजतं की अर्धं, गाठ केवढी, रात्री किती वेळा उठता. तोवर हा हिशोब मला कोणी विचारला नव्हता. मग थायरॉईड, रक्त, सिकलसेल (आपल्या विदर्भात रक्त कमी दिसलं की ही तपासणी व्हायलाच पाहिजे), पुन्हा सोनोग्राफी, आणि वय चाळीसच्या वर म्हणून अस्तराचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. तो स्वच्छ आला. आजाराचं नाव ॲडेनोमायोसिस. अस्तरासारखा थर पिशवीच्या स्नायूच्या भिंतीत शिरतो, भिंत जाड होते, म्हणून पाळी जास्त आणि कळाही जास्त. कॅन्सर नाही. "सूज" म्हणजे एवढंच होतं.

गोळ्यांचंही तिथेच कळलं. रक्त थांबायची गोळी म्हणजे ट्रानेक्झामिक ॲसिड. मला ५०० ची दोन-दोन, दिवसातून तीन वेळा, फक्त जास्त जायच्या दिवसांत, चार दिवसांच्या वर नाही, अशी लिहून दिली. म्हणजे दिवसाला सहा. मी खात होते दोन. दुखण्यासाठी मेफेनामिक ॲसिड, कळ सुरू झाली की लगेच आणि जेवणावर. तीन पाळ्या असं केलं तर रक्त जवळपास निम्म्यावर आलं. "गोळी लागू पडत नाही" म्हणून पिशव्या निघतात, आणि गोळी किती पोटात गेली हे कोणी बघत नाही, याचा मला आजही राग आहे. पण माझं वाचून कोणी आपल्या मनानं सहा गोळ्या सुरू करू नका. पायात किंवा छातीत कधी रक्ताची गुठळी झाली असेल, पक्षाघात झाला असेल, तर ही गोळी चालत नाही. डॉक्टरला आधी सांगायचं.

लोहाच्या लाल गोळ्या मी तीन वर्षं चहासोबत घेत होते. चहानं लोह अंगाला नीट लागत नाही. शेवटी शिरेतून लोहाचे पाच डोस घ्यावे लागले, एक दिवसाआड.

तांबीचे पैसे लाडक्या बहिणीचे. महिन्याला १५०० येतात, चार महिने हात लावला नाही. देशी बनावटीची तांबी, बसवणं आणि सगळ्या चकरांचं तिकीट मिळून ५,६०० गेले. बसवताना दोन-तीन मिनिटं बाळंतकळेसारखी जोराची कळ आली, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखलं. ते सोसण्यासारखं होतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. डाग.

बसवल्यावर पुढचे चार महिने मला रोज डाग लागत होता. चहाच्या कपाखाली उमटतो तेवढा, तपकिरी. दुखत नाही, वाहत नाही, पण आहे. मॅडमनी बसवताना "थोडे दिवस डाग दिसतील" एवढं म्हटलं होतं. थोडे दिवस म्हणजे मी समजले आठ-दहा दिवस. तीन ते सहा महिने लागू शकतात, हे तोंडावर आकड्यात सांगायला पाहिजे होतं. महिन्याभरानं फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम सुटीवर आहेत, पुढच्या महिन्यात या. गावातल्या नर्सबाई म्हणाल्या, तुम्हाला मानवत नाही, काढून टाका.

ज्या घरात विटाळ पाळतात त्या घरात डाग ही बारीक गोष्ट नसते. पूर्वी निदान महिन्याचे चार दिवस ठरलेले होते. आता सासूबाई रोज सकाळी चुलीपाशी यायच्या आधी विचारायच्या, "आज काय हाय?" मी हो म्हटलं की स्वयंपाक जाऊबाईंकडे. मला हे सोवळं पटत नाही, माझ्या लेकीच्या वेळी मी ते घरात होऊ दिलेलं नाही. पण सत्तरीच्या बाईशी रोज सकाळी भांडायचं तरी किती? महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी डाग होता. ज्येष्ठा-कनिष्ठांना साड्या नेसवायचं काम आमच्याकडे सतरा वर्षं माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी ओसरीत बसून सोळा भाज्या चिरून दिल्या आणि आत आंबिलीचा वास येत असताना जाऊबाईला बाहेरून सांगत होते, निऱ्या डावीकडून घे. रात्री ठरवलं, गौरी उठल्या की जायचं आणि हे काढूनच यायचं.

इथवर लिहून मी भिंतीवरून मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. गॅसच्या आणि दुधाच्या नोंदींमध्ये मी पेनानं लाल ठिपके देत होते, ते आज पहिल्यांदा मोजले. जून १६ (बारा तारखेला बसवली), जुलै १८, ऑगस्ट १२, सप्टेंबर ६. १११ दिवसांत ५२ ठिपके. म्हणजे निम्मे दिवसही नाहीत. "चार महिने रोज" असं मी वर लिहिलंय, घरीदारी सगळ्यांना हेच सांगत आले आणि बहिणीलाही परवा फोनवर हेच सांगितलं. ते खोडत नाही, कारण तेव्हा रोजच वाटत होतं. पण आकडा ५२ आहे, आणि उतरत गेलेला आहे. ऑक्टोबर ३, नोव्हेंबर २, डिसेंबर कोरा, जानेवारीत एक.

काढायला गेले होते तेव्हाही असंच झालं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, या महिन्यात पॅड किती लागले? मी आठवू लागले. एकही नाही. फडक्याची एक घडी, तीही दिवसभर पुरायची. ज्या बाईला महिन्याला पस्तीस पॅड लागत होते ती एक घडी घेऊन तक्रार करायला आली होती. त्यांनी तांबीचा धागा जागेवर आहे का बघितलं (पिशवी मोठी असली तर तांबी कधी कधी आपोआप बाहेर सरकते, म्हणून हे बघावं लागतं), हिमोग्लोबिन केलं. ९.८. मी तशीच परत आले. जानेवारीत ११.६ निघालं.

पैशाचं सांगते, कारण ५,६०० ऐकून सगळ्या मागे सरतात. ही पाच वर्षं काम देते असं सांगितलंय. साठ महिन्यांवर वाटले तर महिन्याला ९३ रुपये. माझे नुसत्या पॅडचेच दोनशे जायचे. वेचणीतली घट वेगळी, गावातल्या सलाईनी वेगळ्या. आणि पिशवी काढायचे चाळीस-पंचेचाळीस हजार, वर दोन-तीन महिने ओझं उचलायचं नाही. शेतातल्या बाईला हे कोण पाळू देतं?

ऑपरेशन वाईटच असतं असं मी म्हणत नाही. माझ्या चुलतसासूच्या पिशवीत मोठ्या गाठी होत्या, औषधानं काही होईना, त्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या सुखी आहेत. माझा राग पहिल्याच चकरेत ऑपरेशन सांगण्यावर आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांचं उघडकीला आलं, सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा बातमी वाचून मला ती तिकडची गोष्ट वाटली होती. माझी मावसबहीण त्या बातमीतल्या बायांएवढीच आहे. तिशीत पिशवी गेली आणि सोबत अंडाशयंही काढली तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते, हाडं लवकर ठिसूळ होतात. अंडाशयं ठेवणार की काढणार, हे तिला सांगितलेलंही नाही.

या हंगामात मी ओटी कमरेलाच बांधली. दिवाळीनंतरच्या वेच्यात ओटी गच्च भरली, खाली ओढू लागली, आणि मी सवयीनं कळ यायची वाट बघत ओणवी तशीच थांबले. आली नाही. शेजारच्या तासातली बाई विचारू लागली, "काऊन थांबली वं?" मला काही सांगता येईना. पुढच्या बोंडाला हात घातला.

सासूबाई आता विचारत नाहीत. डिसेंबरात एका रात्री माझ्याजवळ बसल्या आणि आपण होऊन सांगू लागल्या, "मले बी असंच जात होतं. लुगड्याचे तीन तीन तुकडे. निंदतानी मातीत बसून घ्यावं, उठलं तं मातीत डाग. कोणाले सांगावं?" बंद झालं तेव्हा त्यांनी देवाला नारळ फोडला होता. किती वर्षं गेलं, विचारलं तर म्हणाल्या, "लेकराईच्या लग्नापावतर."

बहिणीनं गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकललंय, दाजींशी मी बोलले. मंगळवारी सकाळी साडेसहाच्या एसटीनं ती आणि मी जिल्ह्याला जातोय. जुने सगळे रिपोर्ट आण म्हटलं, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. तांबीच बसवतील असं नाही. तिचं वय, तिची सोनोग्राफी वेगळी, कदाचित गोळ्यांवरच भागेल. पण मोजून ये म्हणून बजावलंय. तिची पाळी कालच सुरू झाली. आज सकाळी तिचा फोन आला, "ताई, काल दिवसभरात अकरा."