कॉन्ट्रॅक्टर बदलायचा की त्याच्याकडूनच पुरं करून घ्यायचं? कोकणात घर बांधणाऱ्यांसाठी

शिमग्याला गावी गेलेली माणसं परत आली नाहीत, साइटवर दोनच गवंडी दिसतात, ॲडव्हान्स देऊन महिना झाला आणि फोन केला की "परवा नक्की" एवढंच ऐकू येतं, अशा वेळी मुंबईत बसलेल्या माणसाला वाटतं की याला उद्याच्या उद्या काढून टाकावं. मी तेच केलं होतं. राजापूरकडचं आमचं घर, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत आलेल्या, आणि मी रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर "उद्यापासून येऊ नका" लिहून मोकळा झालो. मापं घेतली नव्हती, एक फोटो काढून ठेवला नव्हता. नवीन मेस्त्री आला तो म्हणाला दुसऱ्याच्या कामाची गॅरंटी मी घेणार नाही आणि अर्धवट कामाला रेट जास्त लागेल, जुना म्हणत राहिला माझे पैसे बाकी आहेत, आणि दोघांपुढे ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितोय.

रस्ते तीन आहेत. त्याच माणसाला नवी तारीख देऊन चालवून घेणं, बसून हिशोब करून दोघांनी मोकळं होणं, नाहीतर नोटीस देऊन काढणं.

चालवून घ्यायचं की नाही हे उशीर कशामुळे झालाय त्यावर ठरवा. वाळू मिळत नाही किंवा खाणीवरून चिरा येत नाही म्हणून काम अडलं असेल तर माणूस बदलून काही होणार नाही, नव्यालाही त्याच खाडीची वाळू आणि त्याच खाणीचा चिरा आणायचाय. पण तुमच्या ॲडव्हान्सवर दुसऱ्याचा स्लॅब पडला असेल, किंवा सळी ड्रॉइंगपेक्षा कमी बांधली असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. सळीच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नका, एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते दिसत नाही. चालवून घेतलंत तरी पत्र मात्र लिहाच. ठरलेली तारीख उलटून गेल्यावर तुम्ही गप्प बसून उशिराचं काम स्वीकारलंत, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 55 प्रमाणे उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही, काम स्वीकारतानाच तसं सांगावं लागतं. चार ओळी पुरतात, काम पुढे चालू द्या पण उशिराच्या नुकसानीचा माझा हक्क मी सोडलेला नाही, एवढंच.

करारात "दर आठवड्याला इतका दंड" लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. कलम 74 प्रमाणे तो आकडा ही वरची मर्यादा आहे, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं.

आता हिशोब की नोटीस, इथेच लोक जास्त अडकतात, आणि माझ्या मते याचं अर्धं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम 20 मध्ये सोय आहे की समोरच्याने करार मोडला तर काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि तो खर्च पहिल्याकडून वसूल करायचा, पण त्याआधी किमान 30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे 1 मेला नोटीस दिलीत तर मे तिथेच संपला, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे पाऊस लागतो. दिवाळीनंतर काम रखडलं असेल तर नोटीस परवडते, अख्खा सीझन हातात असतो. एप्रिल-मेमध्ये समोरचा बोलायला तयार असेल तर हिशोबच बरा, चार पैसे जास्त गेले तरी. आणि पावसाआधी काही होणारच नसेल तर जूनमध्ये नोटीस द्या, काम तसंही बंद असतं, गणपतीला सगळे गावात असतात तेव्हा एकत्र मापं घ्या आणि नवा माणूस ठरवून ठेवा.

नोटीस देताना पुढचा खर्चही धरा. वकिलाची फी आहे, आणि रत्नागिरीच्या नाहीतर सिंधुदुर्गात असाल तर जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसच्या फेऱ्या आहेत. स्वतःला राहायला घर बांधताय तर ग्राहक आयोगात जाता येतं, कायद्यात घरबांधणी सेवेत धरली आहे, तक्रारीची मुदत 2 वर्षं. भरपाईची रक्कम मोठी असेल आणि तुमच्याकडे पावत्या, फोटो, तारखा असतील तर हा रस्ता नक्की धरा, नुसत्या रागापोटी धरू नका.

हिशोबाचं म्हणाल तर तोंडी नको, वाडीतलाच माणूस असला तरी नको. स्टॅम्प पेपरवर लिहा: काम किती झालं त्याची मापं, पैसे किती पोचले, साइटवर माल किती आणि तो कोणाचा, चिरेवाल्याची आणि सिमेंटच्या दुकानाची उधारी कोण देणार, मजुरांची मजुरी दिली की नाही. ही उधारी लोक विसरतात आणि मग दुकानदार तुमच्या दारात येतो. शेवटी दोघांच्या सह्या आणि वाडीतले दोन साक्षीदार. झालेल्या कामाचे पैसे तो चुकलेला असला तरी द्यावेच लागतात, आणि त्याचा मिक्सर किंवा प्लेटा (स्लॅबखाली लावायचे लोखंडी पत्रे) अडवून ठेवू नका, त्यातून पोलीस स्टेशन होतं.

कुठल्या टप्प्यावर थांबवायचं हेही बघा. जोत्यावर थांबणं सगळ्यात सोपं, मोजायलाही आणि नव्याला पटवायलाही. चिऱ्याची भिंत अर्धी असली तरी वरून प्लास्टिक टाकून पाऊस काढता येतो. स्लॅब भरल्यावर लगेच माणूस काढणं मात्र धोक्याचं, कारण सेंटरिंग, म्हणजे ओला स्लॅब पेलणाऱ्या प्लेटा आणि टेकू, त्याचं किंवा त्याने भाड्याने आणलेलं असतं आणि भांडण झालं की तो पहिल्यांदा टेकू काढून नेतो. आयएस 456 या काँक्रीट कामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्याचे 14 दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे 14 आणि त्यापुढे 21 दिवस ठेवायचे असतात. तेवढे दिवस भाडं तुम्ही भरा पण प्लेटा हलू देऊ नका, आणि कधी काढायच्या ती तारीख त्याच कागदावर घाला, शेवटचा हप्ता त्या दिवशी द्या.

कॉलमच्या सळ्या वर उघड्या राहिल्या असतील तर पावसाआधी त्यांना सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) लावून घ्या, समुद्राजवळ असाल तर नक्कीच. जुना माणूस जायच्या आत, त्याच्याच गवंड्यांकडून.