एम.एस्सी.च्या टीमकडून कारखान्याचं काम: भोसरीतल्या एका पावडर कोटिंग युनिटचा अनुभव तपासताना

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंगला 4 क्रेडिट आली. तेव्हापासून पुण्यातल्या विज्ञान महाविद्यालयांचे विभाग भोसरी, तळवडे, चाकणच्या लहान कारखान्यांकडे स्वतःहून विचारणा करू लागले आहेत. एका क्रेडिटचे 30 तास धरले तर पाच जणांच्या टीमचे कागदावर 600 तास होतात. त्यातला बराच वेळ येण्याजाण्यात, वाचनात आणि अहवाल लिहिण्यात जातो, हे आधीच धरून चालावं. इथे परीक्षण आहे ते एका रसायनशास्त्र विभागाच्या टीमने एका पावडर कोटिंग युनिटसाठी (धातूच्या वस्तूंवर रंगाची कोरडी पावडर चढवून ती ओव्हनमध्ये पक्की करणारा कारखाना) केलेल्या कामाचं. मोजमाप उत्तम, शिफारशी कच्च्या, आणि एकूण सेवा घेण्याजोगी, असं आमचं मत.

युनिटने सुरुवातीला दिलेला प्रश्न होता, ‘रिजेक्शन कमी करून द्या’. हा प्रश्न विद्यार्थ्यांना देण्यासारखा नाही. त्यावर टीमचे पहिले तीन आठवडे पावडर, ओव्हन, गन, अर्थिंग असं सगळंच वाचण्यात गेले. मग सुपरवायझरने रिजेक्शनचं रजिस्टर पुढे ठेवलं आणि दिसलं की पावडर निघण्याच्या तक्रारी शुक्रवारच्या पहिल्या दोन लॉटमध्ये गोळा होतात. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. तेव्हा प्रश्न असा झाला: सुट्टीनंतरच्या सकाळी फॉस्फेटच्या टाकीत, म्हणजे पावडरआधी धातूवर पकडीचा थर बसवणाऱ्या टाकीत, काय बदललेलं असतं? अशा एका वाक्यात मावणारा, मोजता येणारा प्रश्न पहिल्याच दिवशी दिला असता तर तीन आठवडे वाचले असते.

इथून पुढे टीमचं काम खरोखर चांगलं झालं. झिंक फॉस्फेटच्या टाकीतून 10 मिली नमुना, 0.1 नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेशन. ब्रोमोफिनॉल ब्लू घालून फ्री ॲसिड, फिनॉल्फ्थॅलिन घालून टोटल ॲसिड. जितके मिली लागले तितके पॉइंट. हे कारखान्यातही करतात, पण तिथे नमुना न गाळता घेतला जात होता आणि तरंगता स्लज (टाकीतला गाळ) टायट्रेशनमध्ये येऊन आकडे वरखाली होत होते. टीमने नमुना गाळून, गार करून, प्रत्येक वेळी तीनदा टायट्रेशन केलं. त्यामुळे फ्री आणि टोटल ॲसिड शुक्रवारीही ठीकच आहे हे ठामपणे कळलं. एक संशयित कायमचा बाद झाला, आणि आम्हाला या कामातली ही सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

खरा दोष टोनरमध्ये होता, आणि तो सापडायला उशीर झाला तो टीमच्याच चुकीमुळे. टोनर म्हणजे नायट्राइट, फॉस्फेटचा थर लवकर बसावा म्हणून टाकीत घालतात ते. आम्लधर्मी टाकीत ते सतत विघटित होत राहतं. काम चालू असताना आपण भर घालतो म्हणून जाणवत नाही, पण बुधवारी रात्री बंद केलेली टाकी शुक्रवारी सकाळी उघडली की पॉइंट खाली गेलेले असतात. मग जॉबवर (कोटिंगला आलेल्या वस्तूवर) राखाडी, एकसारख्या थराऐवजी पिवळट, विरळ थर बसतो आणि त्यावरची पावडर पकड घेत नाही. टीमने पहिले नमुने बाटलीत भरून कॉलेजात नेले. वाटेतच नायट्राइट आणखी घटलं, त्यामुळे सगळ्याच दिवसांचे आकडे कमी आले आणि फरक झाकला गेला. टोनरची चाचणी टाकीशेजारीच करायची असते: गॅसची वाकडी नळी टाकीच्या द्रावणाने काठोकाठ भरायची, चिमूटभर सल्फॅमिक ॲसिड टाकायचं, तोंड अंगठ्याने बंद करून उलटी करायची, आणि बंद टोकाला साठलेला वायू नळीवरच्या खुणांवर वाचायचा, तेच टोनरचे पॉइंट. मिनिटाभराचं काम. त्यातच सुरुवातीला ठरलेले बहुतेक नमुने कॉलेजच्या सोयीने शनिवारचे होते. शुक्रवारी सकाळी पहिला लॉट टाकीत जाण्याआधी हजर राहायचं, ही अट करारातच लिहून घ्या.

चिकटपणाच्या चाचणीतही एक घोळ होता. क्रॉस कटला (थरावर आडव्या-उभ्या रेघा कापून तो किती सुटतो हे पाहण्याची चाचणी) 1 मिमी अंतराचं कटर वापरलं, पण थराची जाडी 70 ते 80 मायक्रॉन होती. या चाचणीच्या आयएसओ 2409 या मानकाप्रमाणे 60 मायक्रॉनच्या वर, 120 पर्यंत, 2 मिमी अंतर लागतं. दाट रेघांमुळे चांगले जॉबही वाईट दिसले. गाईडच्या लक्षात आल्यावर सगळे पॅनेल पुन्हा तपासले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचं.

अहवालातली मुख्य शिफारस अगदी वापरण्याजोगी आहे: शुक्रवारी टाकी तापली की टोनर तपासा, पुरवठादाराच्या शीटवरच्या पॉइंटपर्यंत भर घाला, एक पॅनेल टाकून थर पाहा, मगच लॉट घ्या. खर्च साधारण अर्ध्या तासाचा. दुसरी शिफारस मात्र सगळ्या धुण्याच्या टाक्यांना डीआय (क्षार काढलेलं) पाणी वापरा अशी होती. एवढा खर्च लहान युनिटला झेपत नाही आणि गरजही नाही. ओव्हनला जाण्याआधीचं शेवटचं धुणं कमी क्षारांचं असलं की पुरे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तिथे वापरलं तर क्षार पावडरखाली राहून पुढे फोड येतात. तुमचा फोरमन शिफारशींच्या बैठकीला बसलाच पाहिजे, तो असता तर हे तिथेच निघालं असतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. विभागाकडे सॉल्ट स्प्रेचं (मिठाच्या पाण्याचा फवारा मारून गंज तपासण्याचं) चेंबर नव्हतं. ती चाचणी बाहेर करून घ्यावी लागली आणि खर्च युनिटने दिला. रसायनं, प्रवास, बाहेरच्या चाचण्या कोण देणार हे आधी लिहून घ्या. विद्यार्थ्यांचा अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाला किंवा तुमच्या ग्राहकाला दाखवायला चालत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच हवी. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक येतात, म्हणून ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग प्रकल्पाच्या प्रतीत येणार नाहीत असं ठरवून घ्या. डिरस्टिंगच्या (गंज काढण्याच्या) टाकीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गॉगल, रबरी हातमोजे आणि बूट नसतील तर गेटवरूनच परत पाठवा, मुलगा कितीही हुशार असो. विद्यार्थ्यांच्या अपघात विम्याचं पत्र कॉलेजकडून पहिल्या दिवशी मागा.

काम सुरू करायचं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मार्च संपला की मुलं परीक्षेच्या तयारीला लागतात आणि अर्धवट राहिलेला नमुना तसाच राहतो. या युनिटमध्येही उन्हाळ्यातले, टाकी जास्त तापलेली असतानाचे आकडे घ्यायचे राहिलेच. ते पुढच्या बॅचकडून घ्यायचे असतील तर पहिल्या टीमची वही, मूळ वाचनांसकट, अहवालाबरोबर ताब्यात घ्या.