व्हिस्कोंती-स्फोर्झा टॅरोची प्रतिकृती: बघायला झकास, पिसायला जड

इटलीतल्या मिलानच्या ड्यूक घराण्यासाठी १५व्या शतकात हाताने रंगवलेला हा पत्त्यांचा कॅट. चित्रं बहुतेक बोनिफाचो बेम्बो या चित्रकाराची मानतात. टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्यबिविष्य सांगणं फार नंतर आलं. तेव्हा टॅरो म्हणजे हुकुमाचा साधा डाव.

प्रतिकृती मूळ मापाची आहे, पान जवळपास १७ सेंमी उंच. पिसायला गेलात तर निम्मी पानं जमिनीवर! हुकुमाच्या पानांवर ना नाव ना आकडा, त्यामुळे नवख्याची पंचाईत. पण पानाच्या वरच्या कडेला, कधीकाळी टाचल्याचं भोक आहे ना, ते छपाईत तसंच ठेवलंय. मला तर तेच सगळ्यात आवडलं.

सोन्याने मात्र निराशा केली. मुळात सोन्याच्या वर्खावर ठोकून नक्षी उठवलीय. इथे नुसता हळदीचा पिवळा. ७८ पैकी ७४ मूळ पानं आज न्यूयॉर्क आणि इटलीतल्या बेर्गामोत विभागलेली आहेत. सैतान आणि मनोरा ही हुकुमाची पानं, शिवाय तलवारीची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार हरवलेत. ती नव्याने काढलीत, पण सैतान अगदीच कॅलेंडरछाप.

खोकं पातळ पुठ्ठ्याचं, येतानाच फाटलेलं. कॅट सध्या साडीच्या बॉक्समध्ये आहे.